सारण कच्चं, छाती कोरडी : भरलेल्या टर्कीचं दरवर्षीचं दुखणं

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार जवळ आला की मला एकाच प्रश्नाचे फोन सुरू होतात. न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मित्रमंडळींत बऱ्याच घरी आता थँक्सगिव्हिंगला, म्हणजे इथल्या कृतज्ञतेच्या सणाला, टर्की (कोंबडीहून बराच मोठा पक्षी) होते. मुलं इथल्याच शाळांत वाढलेली. त्यांना ती टेबलावर अख्खी हवी असते आणि पोटात सारण भरलेलीच हवी असते. तक्रारही ठरलेली: "वरून मस्त सोनेरी झाली होती रे. कापली तर छातीचा नुसता चोथा, आणि आतलं सारण कोमट, ओलं, कच्चं."

माझ्या घरी हे सलग चार वर्षं झालं. पाचव्या वर्षी कारण सापडलं आणि तेव्हापासून मी दर वर्षी वहीत वेळ आणि तापमान लिहून ठेवतो. खाली जे लिहितोय ते त्या वहीतून. अंश म्हटलं की फॅरनहाइट समजा, इथले ओव्हन तेच दाखवतात.

आज गुरुवारच असेल आणि टर्की ओव्हनमध्ये असेल, तर आधी एवढंच वाचा

थर्मामीटर छातीच्या सगळ्यात जाड भागात खुपसा, हाडाला लागू देऊ नका. मग मांडीच्या आतल्या बाजूला, जिथे ती धडाला मिळते तिथे. मग पोटातल्या सारणाच्या अगदी मध्यावर. तिन्ही ठिकाणी निदान १६५ अंश (७४ सेल्सिअस) हवेत. अमेरिकेच्या कृषी खात्याचा हा आकडा आहे आणि त्यात सवलत नाही.

छाती १६५ झाली, सारण मात्र १४० वर रेंगाळलंय, असं असेल तर टर्कीला आणखी भाजत बसू नका. तिला बाहेर काढा. मोठ्या चमच्याने पोटातलं सगळं सारण लगेच काढून लोणी लावलेल्या उथळ बेकिंग डिशमध्ये पसरा. ओव्हन ४०० वर करा आणि डिश आत ढकला. पंधरा-वीस मिनिटांत मध्यावर १६५ दिसेल, वरचा थरही खरपूस होईल. तेवढा वेळ टर्की फॉइलखाली सैलसर झाकून बाहेर विसावू दे. ती विश्रांती तिला एरवीही द्यायचीच असते, त्यामुळे जेवणाला उशीर होत नाही.

मांडीच कच्ची असेल तर दोन्ही तंगड्या सांध्यातून कापून ट्रेवर ठेवा आणि त्या एकट्याच परत ओव्हनमध्ये घाला. अख्खा पक्षी टेबलावर मिरवायचं राहून जाईल, पण छाती वाचेल. आणि छाती आधीच कोरडी पडली असेल तर तिचा अख्खा खंड हाडापासून सोडवा, धाग्याला आडवे पातळ काप करा आणि वाढण्याआधी त्यावर वाटीभर गरम स्टॉक (हाडं-मांस उकळून काढलेलं पाणी) ओता. कोरडं मांस त्याने पुन्हा रसरशीत होत नाही, पण घशाखाली नीट उतरतं.

मुळात हे होतं का

एका पक्ष्यात तीन पदार्थ आहेत आणि तिघांची शिजायची वेळ वेगळी. छातीचं पांढरं मांस १६५ ला तयार होतं, त्यापुढे दर पाच अंशांना कोरडं होत जातं. मांडीचं गडद मांस १६५ ला खाण्यालायक असतं, पण १७५-१८० च्या आसपास त्यातल्या चिवट ऊती विरघळतात आणि मग ते मऊ लागतं. तिसरं सारण. ते सगळ्यात आत, आणि त्याच्याकडे थेट आच पोहोचतच नाही. मांस आणि हाडं तापून ती उष्णता आत झिरपेल तेव्हा त्याची पाळी. त्यात ब्रेडचे तुकडे म्हणजे हवेने भरलेली गोधडी. बाहेरची उष्णता आत जायला नाखूश.

सारण नुसतं गरम झालं तर चालेल ना, ते तर ब्रेडच आहे, असं बरेच जण म्हणतात. चालत नाही. भाजताना कच्च्या मांसाचा रस पोटात ठिबकत असतो आणि ब्रेड तोच शोषून घेतो. चव तिथूनच येते, आणि साल्मोनेला हा आजारी पाडणारा जिवाणूसुद्धा. म्हणून सारण १६५ होईपर्यंत थांबायचं, आणि तोवर छाती १८० च्या पुढे गेलेली. सोनेरी कातडी आणि चोथा छाती हे जोडीनेच येतात ते असे.

इथले बरेच स्वयंपाकी म्हणूनच पोटात काही भरत नाहीत, सारण वेगळं भाजतात. अनेकजण त्याला स्टफिंग न म्हणता ड्रेसिंग म्हणतात, दक्षिणेकडच्या राज्यांत तर तोच शब्द जास्त ऐकू येतो. तो मार्ग सोपा आणि सुरक्षित आहे, पहिल्यांदा करणाऱ्याला मी तोच सांगतो. पण पोटात शिजलेल्या सारणाला जी चव येते ती डिशमध्ये येत नाही, हे माझं ठाम मत. म्हणून पुढचा खटाटोप.

आईचा एक प्रश्न

पाचव्या वर्षी आई इथे होती. मी आदल्या रात्री केलेलं सारण फ्रीजमधून काढून गारच्या गार टर्कीत भरत होतो. ती खुर्चीवर बसून लसूण सोलत होती. म्हणाली, "अरे, मोदकात आपण सारण कच्चं भरतो का? आधी शिजवून घेतो ना? म्हणून तर पारीला नुसती वाफ पुरते."

मी चार वर्षं कातडी, लोणी, फॉइल, वेळ हे सगळं बदलून पाहिलं होतं. सारण कोणत्या तापमानाला आत जातंय, हे एकदाही पाहिलं नव्हतं. ४० अंशांचं सारण १६५ ला न्यायचं म्हणजे १२५ अंशांचा प्रवास, तोही गोधडीतून. तेच १४० ला आत गेलं तर वाट बरीच कमी होते. फरक एवढाच, की मोदकाचं सारण आपण निववून भरतो, नाहीतर पारी फाटते. टर्कीच्या पोटाला फाटायचं भय नाही. इथे गरमच भरायचं.

त्या वर्षीपासून मी कांदा आणि सेलरी लोण्यात मऊ होईस्तोवर परततो, त्यात सेज आणि थाइमची सुगंधी पानं घालतो, स्टॉक उकळता ओततो, ब्रेड मिसळतो आणि ते वाफाळतं सारण सरळ पोटात. ओव्हन आधीच तापलेला. भरल्यावर एक मिनिटही ओट्यावर ठेवायचं नाही, कारण गार पक्ष्यात गरम सारण म्हणजे जिवाणूंना हवी तीच ऊब. ४० ते १४० अंश हा त्यांच्या वाढीचा पट्टा, आणि तो आपल्याला ओव्हनमध्येच ओलांडायचाय. आदल्या रात्री भरून फ्रीजमध्ये ठेवणं तर कधीच नको. तयारी करायचीच असेल तर कांदा-सेलरी चिरून ठेवा, ब्रेड वाळवून ठेवा.

सारणात खिमा किंवा सॉसेज घालणार असाल तर ते आधी पूर्ण शिजवून घ्या. अंडं मी घालत नाही, आमच्याकडे ब्रेड आणि स्टॉकवरच ते छान मिळून येतं.

गच्च भरायची सवय

आपला हात भरल्या वांग्यांवर बसलेला. वांग्यात सारण अंगठ्याने दाबून बसवायचं, नाहीतर रश्श्यात सुटतं. टर्कीत तो हात आवरा. दाबलेल्या ब्रेडमधून उष्णता आणखी हळू जाते आणि फुगायला जागा नसल्यामुळे त्याचा लगदा होतो. चमच्याने सैल सोडायचं. भरून झाल्यावर बोटं आत सहज फिरली पाहिजेत.

प्रमाण असं सांगतात, की पक्ष्याच्या दर पाउंडाला पाऊण कप. १४ पाउंडांच्या टर्कीला म्हणजे साधारण दहा कप. मी त्याच्या निम्मंच भरतो, पाच कप. उरलेलं डिशमध्ये, शेवटच्या पाऊण तासात ओव्हनमध्ये. वाढताना दोन्ही एकत्र केलं की डिशमधल्यालाही पोटातल्या सारणाची चव लागते.

ब्रेडबद्दल एक गोष्ट. इथल्या भारतीय दुकानातला लादीपाव मी एक वर्ष वापरला, फार मऊ पडतो, गिच्च गोळा झाला. जाड सालीचा, घट्ट पोताचा ब्रेड घ्या, पाऊण इंचाचे तुकडे करा आणि २५० अंशांना तासभर वाळवा. तुकडा दाबला की कडकन मोडायला हवा. पाउंडभर ब्रेडला मी दीड ते दोन कप स्टॉक घालतो. मुठीत दाबला की गोळा व्हावा, पण बोटांतून थेंब गळू नये.

पोटात बर्फ

सारणाखालोखाल मोठं कारण हे. बाहेरून मऊ लागणारी टर्की बऱ्याचदा आतून गोठलेलीच असते. फ्रीजमध्ये तिचा बर्फ सुटायला दर चार-पाच पाउंडांना २४ तास लागतात. १४ पाउंडांच्या टर्कीला तीन ते साडेतीन दिवस. बुधवारी रात्री ती तयार हवी म्हणून माझी शनिवारी संध्याकाळी फ्रीजरमधून खाली येते, अर्धा दिवस हाताशी राखून. सुटलेली टर्की फ्रीजमध्ये आणखी एक-दोन दिवस बिनधास्त राहते, त्यामुळे लवकर काढण्यात तोटा नाही.

उशीर झाला असेल तर गार पाण्याचा उपाय आहे. न गळणाऱ्या पिशवीत बांधून टर्की पूर्ण बुडवा, पाणी दर अर्ध्या तासाने बदला, दर पाउंडाला अर्धा तास धरा. १४ पाउंडांना सात तास. गरम पाणी नको, ओट्यावर रात्रभर ठेवणंही नको. आणि अशी पाण्यात सोडवलेली टर्की लगेच भाजायची, परत फ्रीजमध्ये ठेवायची नाही.

सुटली की नाही हे पाहायला हात पोटात घालून बरगड्यांच्या आतून फिरवा. बोटांना बर्फाची कच लागली तर ती तयार नाही. त्याच वेळी आतली मान आणि काळीज-गिझर्डची (गिझर्ड म्हणजे पक्ष्याचं स्नायूंचं जठर) पिशवी काढून घ्या. पिशवी कधी पोटात असते, कधी मानेकडच्या कातडीखाली, दोन्हीकडे बघा. मानेचा आणि गिझर्डचा स्टॉक होतो, तोच सारणात आणि ग्रेव्हीत.

मग ती धुऊ नका. मला माहीत आहे, आपल्याकडे चिकन हळद लावून दोन-तीन पाण्यांतून काढल्याशिवाय कोणी फोडणीला टाकत नाही. पण चौदा पाउंडांचा पक्षी सिंकमध्ये धुताना ते पाणी ओट्यावर, चिरलेल्या कोथिंबिरीवर, पुसायच्या फडक्यावर उडतं. जिवाणू धुण्याने मरत नाहीत, पसरतात. पेपर टॉवेलने आतून-बाहेरून कोरडी करा, तेवढं पुरे.

ओव्हन खरं बोलतोय का

माझ्या जुन्या घरातला ओव्हन ३२५ वर लावला की प्रत्यक्षात २९५ ला असायचा. हे कळायला जाळीला अडकवायचा एक स्वस्तातला ओव्हन-थर्मामीटर पुरला. भरलेल्या टर्कीला ३२५ च्या खाली कधीच जायचं नाही, त्यामुळे हा तपास एकदा करून टाका. खुपसायचा थर्मामीटरही तपासा: पेलाभर बर्फाचा चुरा, त्यावर पाणी, ढवळून आत बुडवा. ३२ दाखवायला हवा. टर्कीत टोचून येणाऱ्या त्या प्लास्टिकच्या टिचकीवर विसंबू नका. ती फक्त जिथे टोचलीय तिथलं सांगते, सारणाचा तिला पत्ताच नसतो, आणि बऱ्याचदा छाती कोरडी पडून गेल्यावर वर येते.

पॅन उथळ हवा, कडा दोन-अडीच इंचांच्या, खाली जाळी. मी आधी खोल पॅन वापरायचो, त्याच्या भिंतींमुळे मांड्यांना आचच लागायची नाही. आता रॅक सगळ्यात खालचा, पाय ओव्हनच्या मागच्या बाजूला. बहुतेक ओव्हन मागे जास्त तापतात आणि मांड्यांना ते हवंच असतं.

दर वीस मिनिटांनी दार उघडून रस ओतत बसायचं काम सोडून द्या. तो रस कातडीवरून ओघळून जातो, मांसात शिरत नाही. दर उघडण्याला ओव्हन मात्र गार होतो आणि त्याचा पहिला फटका आतल्या सारणाला बसतो.

गेल्या वर्षीचं वहीतलं पान

टर्की साडेतेरा पाउंड, ओव्हन ३२५, सारण पाच कप. दुपारी १२:०५ ला आत गेली, तेव्हा सारण १४२. दीड वाजता सारण १०८. हे पाहून घाबरू नका. गार मांस आधी सारणाची उष्णता ओढून घेतं, मगच दोघं मिळून वर चढतात. अडीचला छाती १२८, मांडी १४१, सारण ११९. तीन वाजता कातडीला हवा तसा रंग आला, तेव्हा फक्त छातीवर फॉइलचा तंबू केला, मांड्या उघड्याच. साडेतीनला छाती १५७, मांडी १७१, सारण १५४. ३:५५ ला छाती १६६, मांडी १७८, सारण १६६. बाहेर.

तीन तास पन्नास मिनिटं. १२ ते १४ पाउंडांच्या भरलेल्या टर्कीला ३२५ वर साडेतीन ते चार तास असं कोष्टक सांगतं. पण मी घड्याळ पाहतो ते कधी खुपसायचं हे कळायला, कधी काढायचं ते थर्मामीटरच सांगतो. छाती आणि सारण एकाच वेळी १६६ ला पाहिलं तेव्हा मी ओव्हनसमोर उभ्याउभ्याच आईला पुण्याला फोन लावला. तिच्याकडे पहाटेचे अडीच वाजले होते. तिने उचलला.

बाहेर काढल्यावर वीस मिनिटं सारणासकट विसावू द्या, मग सारण काढा, मग कापा.

मीठ

छाती कोरडी पडण्यावर मिठाचाही मोठा इलाज आहे. दोन दिवस आधी दर पाच पाउंडांना एक टेबलस्पून जाड मीठ आतून-बाहेरून चोळून टर्की फ्रीजमध्ये उघडीच ठेवा. मीठ मुरतं, मांस पाणी धरून ठेवतं, कातडी सुकून नंतर कुरकुरीत होते. मात्र त्याआधी लेबल वाचा. 'सोल्युशन' (मिठाचं पाणी) असा शब्द असेल किंवा टर्की कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे तयार केलेली असेल, तर ती आधीच मिठाची आहे. एका वर्षी मी न वाचता चोळलं आणि ग्रेव्ही तोंडात धरवेना. पोटात सारण जाणार असेल तर आतून मीठ तसंही हलक्या हाताने, आणि स्टॉक बिनमिठाचा.

हाडाजवळचं मांस गुलाबी दिसलं तर पाहुणे बिचकतात. १६५ झालं असेल तर गुलाबीपणाने काही बिघडत नाही, रंगावरून शिजणं ठरत नाही.

शाकाहारी पाहुणे आणि उरलेलं

आमच्या टेबलावर निम्मे लोक शाकाहारी. त्यांच्यासाठीचं सारण मी पहिल्यापासून वेगळं करतो: वेगळा चमचा, वेगळी डिश, भाज्यांचा स्टॉक, त्यात मशरूम आणि अक्रोड. टर्कीसाठीच्या सारणातून "आधी काढून ठेवलेलं" चालत नाही, कारण त्यात मानेचा स्टॉक पडलेला असतो. ही डिश ओव्हनच्या वरच्या रॅकवर जाते, टर्की खालच्या, म्हणजे टर्कीचा थेंबही तिच्यात उडत नाही. वाढतानाही मी ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवतो आणि झाकणावर चिठ्ठी लावतो. माझी एक आत्या चाळीस वर्षं मांसाहार न करता या देशात राहिली. तिने त्या डिशमधून निर्धास्तपणे दुसऱ्यांदा वाढून घेतलं, की मला माझी टर्की जमल्याइतकंच बरं वाटतं.

जेवणं लांबतात, गप्पा रंगतात, आणि टर्की टेबलावरच राहते. दोन तासांच्या आत मांस हाडावरून सोडवा आणि पोटाच्या कोपऱ्यात राहिलेलं सारणही खरवडून काढा. दोन्ही वेगवेगळ्या उथळ डब्यांत फ्रीजमध्ये, तीन ते चार दिवस. सारण पुन्हा गरम करताना परत १६५. आमच्याकडे शुक्रवारी सकाळी त्याचे चपटे गोळे करून तव्यावर तुपात खरपूस भाजतात, वर हिरवी चटणी. हाडांचा सांगाडा तोवर मोठ्या पातेल्यात मिरी आणि आल्याबरोबर उकळायला लागलेला असतो.